म्हात्रेमामांचं स्टूल

माफ करणाऱ्या माणसांचं कौतुक मी पुष्कळ ऐकलेलं आहे. माझ्या सासरी तर जेवताना दुसरा विषय नसे. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत मला जो माणूस मनापासून आवडला, त्याने आयुष्यात कुणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जनार्दन म्हात्रे त्यांचं नाव. आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात ते फिजिक्स लॅबचे अटेंडंट होते आणि मुलांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना म्हात्रेमामा म्हणत. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि राहायचे ठाण्याला, नौपाड्यात. माझं नौपाड्यात राहणं पुढे कामाला आलं, म्हणून आताच सांगून ठेवते.

मामा खाडीकडच्या गावातले, आगरी. उंच, खांद्याने रुंद, आणि डावा पाय गुडघ्यात नीट वाकत नसल्यामुळे चालताना एक पाऊल वाजायचं आणि दुसरं घासायचं. खाकी शर्टाला रोज कडक इस्त्री. लेन्स पुसायला घरून आणलेला मलमलचा तुकडा असे आणि त्या तुकड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते लक्षात ठेवायचे.

एकदा बारावीच्या एका मुलाने लोलक फोडला आणि "मी नाही" म्हणून मोकळा झाला. पुढे तो मुलगा आमच्याकडेच डिग्रीला राहिला. तीन वर्षांनी दाखल्याच्या अर्जावर लॅबची सही घ्यायला आला, तेव्हा मामांनी त्याला कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस." अकरापासून चारपर्यंत तो बसून होता. चार वाजता मामा समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लोलक कोनी फोडला?" मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी." मामांनी सही केली, वर त्याला चहा पाजला. मी तेव्हा त्यांना म्हटलं, "अहो, तीन वर्षं?" तर म्हणाले, "मॅडम, तीन काय जास्ती झाली?"

ते स्टूल म्हणजे एक प्रकरणच होतं. एक पाय किंचित आखूड, त्यामुळे बसणारा जरा हलला की टक् असा आवाज व्हायचा. मी दोनदा सुताराला सांगायचं म्हटलं आणि दोन्ही वेळा मामांनी नको म्हटलं.

नव्वदीचं दशक संपत आलेलं तेव्हाची गोष्ट. फिजिक्स लॅबचा अर्धा भाग प्लायवूड लावून वेगळा काढला आणि तिथे आठ कॉम्प्युटर आले. किल्ली अर्थातच मामांकडे. ते रोज सकाळी यंत्रांवरचे कव्हर झटकायचे आणि पुन्हा घालायचे, त्यापलीकडे त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नव्हता. अशात एक पत्रक आलं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ अशा पाच कॉलेजांची कॉम्प्युटर फुटबॉल लीग. कुणी कुठे जायचं नाही. टेलिफोनच्या लाइनीवरून मॉडेमने दोन कॉलेजांचे कॉम्प्युटर जोडायचे आणि इकडच्या मुलाने तिकडच्या मुलाशी पडद्यावर फुटबॉल खेळायचा. एका टीममध्ये पाच जण, पाच सामने, सगळ्यांचे गोल मिळून निकाल. अट एकच, खेळणारा त्याच कॉलेजचा विद्यार्थी हवा. प्राचार्यांनी ते पत्रक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या ना." झालं, मी प्रमुख.

पत्रक मी मामांना नोटीस बोर्डावर लावायला दिलं. ते गेले आणि पत्रक हातात तसंच घेऊन परत आले.

"मॅडम, ठान्याच्या टीमचा मॅनेजर कारखानीस लिवलाय. ह्यो कंपनीतला कबड्डीवाला काय?"

कारखानिसांना मी चांगलीच ओळखत होते. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. एका मोठ्या कंपनीच्या पर्सोनेल खात्यातून निवृत्त होऊन आता एका कॉलेजचे क्रीडा सल्लागार झालेले. पांढरे बूट, हातात छडी, सकाळी फिरताना भेटेल त्याच्या पाठीवर थाप. "तेच," मी म्हटलं, "का हो?"

मामा स्टुलावर बसले. त्यांना त्या स्टुलावर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. स्टूल जराही वाजलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. ऐंशीच्या सुमाराला मामा गावच्या संघाचे चढाईपटू होते. कंपनीच्या कबड्डी संघासाठी पोरं शोधत कारखानीस त्यांच्या घरी आले. मामांच्या आईने त्या दिवशी जिताडा केला. जिताडा म्हणजे खाडीतला मानाचा मासा, तो जावयाला नाहीतर देवासारख्या पाहुण्याला वाढतात. कारखानीस दोन वेळा वाढून घेऊन जेवले आणि म्हणाले, "काकू, तुमचा मुलगा आता आमच्या घरचा. कायम करून घेणार, माझा शब्द." दोन मोसम मामा हंगामी कामगार म्हणून खेळले. तिसऱ्या मोसमात एका पकडीत गुडघा गेला. कारखानीस दवाखान्यात आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "घरी जा, बरा हो. मी कळवतो."

"अठरा महिने मॅडम. पोस्टमन आयला का आय दारात उभी. दुसरीकडं काम मिलत होता, तिनं जाऊ नाय दिला. साहेब कलवनार हाय, बोलली. आजारी पडली तवा बी इचारायची, पत्र आयला काय." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "नाय आयला. ती गेली."

मी नेहमीचं काहीतरी बोलले असेन, जाऊ द्या वगैरे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते शब्द मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी काढले नाहीत.

"जाऊ कशाला देऊ?" ते म्हणाले. "मना त्याचा काय नको. त्यानं आपल्या पायानं माझ्याकडं यावा. बसावा. वाट बघावी. बस." आणि मग पत्रकाची घडी उलगडून, "ह्यो फुटबॉल कसा असतो, मना दाखवा."

पहिल्या वर्षी आमचा धुव्वा उडाला. मी टीम निवडली होती, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पडीक असलेली पाच चलाख मुलं, ज्यांची बोटं बघताना डोळे फिरतील अशी. ठाण्याची टीमही तशीच. ठाण्याने आम्हाला नऊ विरुद्ध एक असं धुतलं. मुलं टेलिफोनच्या लाइनीला शिव्या देत घरी गेली. मामा सगळा वेळ त्यांच्या पाठीमागे उभे होते.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, पोरगा बटन आता दाबतो. पडद्यावरचा गडी मंग लाथ मारतो. मधी येवढा टाइम जातो." आणि त्यांनी एक श्वास घेऊन दाखवला. "पोराला वाटतं दाबला नाय गेला, म्हनून तो परत दाबतो. सगला घोल तिथं होतो."

मी इलेक्ट्रॉनिक्सची एम.एस्सी. मॉडेममधून संदेश जायला वेळ लागतो हे मी फळ्यावर खडूने शिकवत होते. खेळाशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "मग काय करायचं?" मी विचारलं.

"बोटं नको. थांबता येनारी पोरं पायजेत. ते माझ्यावर सोडा."

आणि मामा भरतीला लागले. जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाची रांग गेटापर्यंत जायची. मामा त्या रांगेच्या कडेने सकाळी एकदा आणि दुपारी एकदा चालत. सकाळी जो जसा उभा होता तसाच दुपारी उभा दिसला, रांगेत घुसला नाही, खिडकीवर डोकावला नाही, की त्याच्यापाशी थांबायचे. "कुठून येतोस?" ठाणं, मुलुंड असं उत्तर आलं की पुढे निघायचे. खडवली, आंबिवली म्हटलं की चेहरा उजळायचा. कसाऱ्याच्या बाजूला गाड्या कमी. एक चुकली की फलाटावर बसून राहायचं, आणि ती सवय मामांना हवी होती.

मग स्टूल. निवडलेल्या मुलाला अकरा वाजता लॅबमध्ये बोलवायचं, "बस, आलोच" म्हणायचं, आणि आतल्या स्टोअररूममध्ये निघून जायचं. मामा दाराच्या आड लेन्स पुसत उभे. बाहेर स्टूल किती वेळा वाजतं ते ऐकायचं. कुणी पंधराव्या मिनिटाला टक् टक् करायला लागे, कुणी विसाव्या मिनिटाला उठून "मामा आहेत का?" करत दारात येई. मामांची एक वही होती, शाळेतल्या मुलाची असते तशी, दुरेघी. त्यात नाव, गाव, किती मिनिटं बसला ते, आणि शेवटी एक शब्द. हवा, किंवा नको.

"अहो, हा तर दहावीला बोर्डात आलेला," मी एकाबद्दल म्हटलं. "हुशार हाय. तेरा मिनटं," मामा म्हणाले आणि नको लिहून मोकळे झाले.

वैशाली नावाची मुलगी खडवलीहून यायची. तिने कॉम्प्युटर कधी पाहिलेला नव्हता. ती स्टुलावर बसली ती बसलीच. एक तास झाला, मामा बाहेर आले, तरी ती खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहत होती. मामा म्हणाले, "कंटाला नाय आयला?" ती म्हणाली, "कसला?" वहीत तिच्यापुढे मिनिटं लिहिलेली नाहीत, नुसता शब्द आहे. त्याखाली दोन रेघा.

तिच्या घरी आम्ही दोघं गेलो, कारण लीगचे सामने संध्याकाळचे आणि वडिलांची परवानगी हवी होती. तिच्या आईने पोहे केले. मामांनी बशीला हात लावला नाही. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. वडिलांनी विचारलं, "ह्यातून पोरीला पुढे काय मिळेल? कॉम्प्युटरचा कोर्स, नोकरी?"

"काय नाय मिलनार," मामा म्हणाले. "खेलायला मिलंल. आनि सातच्या गाडीत मॅडम बसवून देतील."

मी मनात कपाळाला हात लावला. चार गोड शब्द बोलायला काय जात होतं? बाहेर पडल्यावर मी चिडून म्हटलं तसं. मामांनी फलाटावर येऊन आधी गाडीची वेळ बघितली. मग म्हणाले, "कुनाच्या घरी खाल्ला का शब्द द्यावा लागतो. मी देत नाय." वडिलांनी परवानगी दिली ती दुसऱ्या दिवशी. काही न मागता काही न देणारा माणूस त्यांना बहुतेक खरा वाटला.

दुसऱ्या वर्षी आमच्या टीमने कल्याणला हरवलं, मग उल्हासनगरला, आणि ठाण्यात कुजबुज सुरू झाली. मी नौपाड्यात भाजी घ्यायला गेले की कानावर पडायचं. मामा रोज सकाळी विचारायचे, "ठान्याची बातमी काय?" हेरगिरीत मला इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं. एके दिवशी खुद्द कारखानीसच रस्त्यात भेटले. "तुमची ती खडवलीची मुलगी, काय हात आहे हो! तिला म्हणावं, पुढच्या वर्षी आमच्याकडे प्रवेश घे. कॉम्प्युटरचा कोर्स फुकट, हॉस्टेल, सगळं माझ्याकडे लागलं. घरचीच समजू आम्ही तिला."

हे जसंच्या तसं मी मामांना सांगितलं. घरचीच हा शब्द ऐकून त्यांनी हातातली लेन्स खाली ठेवली. मला वाटलं आता ते वैशालीला बोलावून सगळी कहाणी सांगणार. त्यांनी तिला बोलावलं खरं, पण एवढंच म्हणाले, "ठान्याचा साहेब तुला न्यायला बघतो. चांगला कॉलेज हाय. जायचा तं जा. पन जो काय देतो बोलला, ते लिवून घे."

वैशालीने निरोप पाठवला, लेखी द्या. आठ दिवसांनी ठाण्याहून उलट निरोप आला, असं लेखी देता येत नाही, पण विश्वास ठेव. वैशालीने तो निरोप मामांना सांगितला आणि स्वतःच खुदकन हसली. मामा हसले नाहीत. स्टोअररूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. सतरा वर्षांपूर्वी आपण 'लेखी द्या' हे दोन शब्द का बोललो नाही, हे त्यांच्या मनात आलं असणार. मला त्या क्षणी कारखानिसांचा असा संताप आला की संध्याकाळी त्यांच्या गल्लीवरून जाताना मी फाटकावर थुंकायची तेवढी बाकी होते.

अंतिम सामना ठाण्याशीच झाला. मॉडेमची शिट्टी थांबली, पडदा हिरवा झाला. ठाण्याची पोरं नेहमीसारखी बटणं बडवत होती आणि पडद्यावरचे त्यांचे खेळाडू चेंडू निघून गेल्यावर लाथा मारत होते. आमची आंबिवलीची, टिटवाळ्याची पोरं एकदाच दाबायची आणि हात मांडीवर ठेवायची. चार सामन्यांनंतर गोल सारखे. शेवटचा सामना वैशालीचा. शेवटचं मिनिट, चेंडू तिच्या खेळाडूकडे, आणि ती काहीच करेना. ठाण्याचा गोलकीपर पुढे धावत आला. मी ओरडणार होते, "अगं दाब ना!" मामांनी माझ्यासमोर हात आडवा धरला. त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता, चढाईत रोखायचे तसा. मग वैशालीने एकदा बटण दाबलं, त्या श्वासाएवढा वेळ गेला, आणि चेंडू मोकळ्या जाळीत गेला.

लाइन सुटताच त्याच फोनची घंटा वाजली. मी उचलला. कारखानीस. "मॅडम, अभिनंदन! ही टीम तुम्ही नाही बांधली, खरं सांगा. कोण माणूस आहे? मला तो हवाय आमच्याकडे. पगार, हुद्दा, काय म्हणेल ते." मी रिसीव्हरवर हात ठेवून मामांना सांगितलं. त्यांनी रिसीव्हर घेतला नाही. "त्याला बोला, मंगलवारी अकरा वाजता इथं ये." मी फोनवर एवढंच सांगितलं, मंगळवारी अकराला लॅबमध्ये या, म्हात्रे भेटतील.

मंगळवारी मामांचा शर्ट नवा होता. पावणेअकराला त्यांनी स्टूल पुसलं आणि आखूड पाय बाहेरच्या बाजूला येईल असं ठेवलं. कारखानीस आले, पांढरे बूट, छडी. मामा दारातच होते. दोघं समोरासमोर उभे राहिले. कारखानिसांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अरे, म्हात्रे कोण इथले? त्यांना बोलव जरा." ओळखलं नव्हतं. मी त्या वेळी मामांकडे पाहू शकले नाही.

"बसा," मामा म्हणाले. "ते कलवतील." आणि आत गेले.

मी माझ्या टेबलाशी पेपर तपासायचं नाटक करत होते. पाचव्या मिनिटाला स्टूल वाजलं. टक्. आठव्याला परत. कारखानिसांनी छडी या हातातून त्या हातात घेतली, घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघून हसले, मी हसले नाही. बाराव्या मिनिटापासून स्टूल सारखं वाजायला लागलं. सोळाव्या मिनिटाला ते उठले. "मॅडम, मला पुढे मीटिंग आहे. त्यांना सांगा, आपलं नक्की समजा. मी कळवतो." आणि जाताना माझ्या टेबलावर थाप मारून गेले.

मामा बाहेर आले. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. मी भडकले होते. "मामा, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही, तुम्ही कोण ते? जाऊ कसं दिलंत? मी धावत जाऊन सांगते!"

"नको," मामा म्हणाले. "कलवायचा त्यानं होता. मी कशाला कलवू?"

त्यांनी खिशातून वही काढली, टेबलाशी उभं राहून लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. व. कारखानीस. ठाणे. सोळा मिनिटं. नको.

सुडाने समाधान मिळत नाही, असं मला सासरी पुष्कळांनी सांगितलेलं आहे. त्यांनी त्या दुपारी म्हात्रेमामांना पाहायला हवं होतं. मामांनी ते स्टूल ओढून खिडकीशी घेतलं, त्यावर ऐसपैस बसले आणि डबा उघडला. आत जिताडा होता, पहाटे गावच्या बाजारातून आणलेला. पाहुणा येणार म्हणून आणलेला आणि पाहुण्याला न विचारलेला. ते सावकाश, काटा न् काटा चोखून जेवले. माझ्यासमोर एक तुकडी धरली. मी जन्माची शाकाहारी. मी ती घेतली आणि खाल्ली.